चाळणीत पकडलेली लहर

नव्वदीच्या दशकात पनवेलला आमच्या गच्चीवर केबलवाल्याने जाळीची थाळी बसवली. अम्मी म्हणाली, "अरे, चाळणीत कधी पाणी राहतं का?"

प्रश्न रास्त होता. मी पडलो बीए; उत्तर पुढे वाचनातून मिळालं. स्वतःच्या लांबीपेक्षा खूप लहान भोक लहरीला दिसतच नाही. 1975-76च्या 'साइट' प्रयोगात उपग्रहाची लहर सुमारे 35 सेंटिमीटरची होती. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी चक्क कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरली! अशा तीन मीटरच्या थाळ्यांवर सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांनी दूरचित्रवाणी पाहिली. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचं विजापूर होतं. जाळी स्वस्त, हलकी, शिवाय वारा आरपार जातो.

आमच्या थाळीची लहर साडेसात सेंटिमीटर, म्हणून जाळी बारीक. डीटीएचची जेमतेम अडीच. तिला पत्र्याची थाळी लागते आणि पनवेलचा धो धो पाऊस तिला शोषून घेतो.

एकदा आमचंही चित्र गेलं. वर जाऊन पाहतो तो थाळीच्या मधल्या डब्यावर अम्मीची ओली ओढणी वाळत होती.