रात्री दहानंतरचा कृमी आणि दिल्लीचा रुपया

हत्तीरोगाचा कृमी घड्याळ पाळतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा हा दोऱ्यासारखा जीव माणसाच्या लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि तिथून आपली सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहतो. दिवसा बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं तर त्या पिल्लांचा सहसा मागमूस लागत नाही. तेव्हा ती फुप्फुसांतल्या खोल रक्तवाहिन्यांत दडून असतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास मात्र ती कातडीलगतच्या रक्तात गर्दी करतात. त्यांना पुढच्या माणसापर्यंत नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, म्हणून हा सारा खटाटोप. ज्याला मेंदू म्हणावा असं फारसं काही नाही, त्या जीवाने डासाचं वेळापत्रक पाठ केलं आहे.

या घड्याळामुळे डॉक्टरांची पंचाईत होते. सकाळी अकराला बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचं रक्त स्वच्छ दिसतं आणि पाय मात्र सुजत जातो. म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी रात्री गावात जाऊन, झोपलेल्यांना उठवून रक्ताचे नमुने घेत आले. विदर्भात हत्तीरोग जुना. त्यामुळे हा प्रश्न वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात कुणाला तरी पडणारच होता.

तो पडला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागाला. डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला तो असा: दिवसाच्या रक्तात कृमी सापडत नसेल, तर त्याच्या खाणाखुणा सापडतील का? कृमी जिवंत आहे म्हणजे त्याच्या अंगातून प्रथिनं पाझरणार, आणि त्यांना उत्तर म्हणून माणसाचं शरीर प्रतिपिंडं तयार करणार. ही प्रथिनं आणि प्रतिपिंडं घड्याळ पाळत नाहीत. या एका कल्पनेवर तिथल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्राने अनेक वर्षं काम केलं. त्यातून निघालेल्या चाचण्यांच्या नावांत सेवाग्रामची ‘सेवा’ ही अक्षरं आली. पुढे हीच वाट त्यांनी क्षयरोगासाठीही चोखाळली.

या गोष्टीत थक्क करणारं आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे पैसा. रसायनांच्या बाटल्या, उणे तापमानाचे फ्रीझर, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा पगार, रात्री गावात जाणाऱ्या गाडीचं डिझेल, हे सगळं कोण देणार? हत्तीरोग होतो तो गटारीशेजारी राहणाऱ्या माणसाला. त्याच्या खिशाकडे पाहून कोणतीही औषध कंपनी घाई करत नाही. अशा ठिकाणी सरकारी अनुदानाशिवाय प्रश्न पुढे सरकतच नाही.

परळहून निघालेली वाट

भारतात वैद्यकीय संशोधनासाठी सरकारने पैसा बाजूला काढायला सुरुवात केली ती 1911 साली. ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक 15 नोव्हेंबर 1911 रोजी मुंबईत प्लेगच्या प्रयोगशाळेत भरली. ही प्रयोगशाळा म्हणजेच परळची आजची हाफकिन संस्था. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, या संघटनेची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं ‘आयसीएमआर’ हे नाव तिचंच. पुढे 1986 मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आला, 2007 मध्ये आरोग्य मंत्रालयात आरोग्य संशोधन विभाग वेगळा झाला.

सेवाग्रामची संस्था 1969 ची, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षातली. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी ती कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने उभी केली. तिच्या खर्चाची वाटणीही वेगळीच आहे: निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उभा करायचा. म्हणजे खेड्यातल्या या महाविद्यालयाची रोजची चूल तीन जणांच्या सरपणावर पेटते. संशोधनाचा पैसा मात्र या वाटणीत आपोआप येत नाही. तो प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा, देशभरातल्या संशोधकांशी स्पर्धा करून मिळवावा लागतो.

प्रश्नाची परीक्षा

तो कसा मिळतो? आधी संशोधक प्रस्ताव लिहितो. प्रश्न काय, आजवर कुणी काय शोधलं, किती माणसं तपासणार, तेवढीच का, खर्च किती. हा प्रस्ताव त्याच विषयातल्या अनोळखी तज्ज्ञांकडे जातो. ते तो उलटासुलटा करून पाहतात आणि बहुतेक वेळा परत पाठवतात. सगळ्यात अवघड प्रश्न ‘नमुना किती?’ हाच असतो. दहा माणसं कमी ठेवली तर उत्तर हाती लागत नाही, हजार जास्त घेतली तर जनतेचा पैसा आणि माणसांचा त्रास दोन्ही वाया जातात.

मग येते नैतिकता समिती. कायद्यातली ही तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, 2019 नुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात. किमान निम्मे सदस्य संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात. त्यांत एक कायद्याचा जाणकार हवा, किमान एक स्त्री हवी आणि किमान एक सामान्य नागरिक हवा. रुग्णाला दिलं जाणारं माहितीपत्रक आपल्या शेजाऱ्याला कळेल का, हे पाहणं या नागरिकाचं काम. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा असेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवावा लागतो. देवळी किंवा आर्वीच्या शेतमजुराच्या ‘हो’ला एवढं वजन आहे, की ते मिळाल्याशिवाय दिल्लीतून आलेल्या कोट्यवधी रुपयांना त्याच्या रक्ताचा एक थेंबही घेता येत नाही.

परदेशी पैसा असेल तर आणखी एक चाळणी लागते, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची. असा पैसा वर्ध्यात आलेला आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयातले 726 डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि कर्मचारी तपासून एक अभ्यास झाला. त्याला अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या फोगार्टी कार्यक्रमाचा आधार होता आणि तो 2005 मध्ये ‘जामा’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. प्रश्न साधा होता: आजार दिसत नसताना अंगात दबा धरून बसलेला क्षय ओळखायला नवी महागडी रक्तचाचणी चांगली, की हातावर टोचायची जुनी स्वस्त ट्युबरक्युलिन सुई? श्रीमंत देशांत नव्या चाचणीचा बोलबाला होता. सेवाग्रामात जुन्या सुईने 41 टक्के आणि नव्या चाचणीने 40 टक्के जणांत संसर्ग दाखवला. दोन्हींपैकी एक तरी चाचणी निम्म्या लोकांत होकारार्थी आली. म्हणजे रुग्णांना बरं करणारे हात स्वतःच संसर्गाच्या छायेत होते, आणि ते ओळखायला गरीब देशाने महाग चाचणीमागे धावायची गरज नव्हती.

आज उघडी असलेली दारं

संशोधनाच्या पैशाची दारं आज कुणाला उघडी आहेत? पहिलं दार एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना. आयसीएमआरची लघु विद्यार्थीवृत्ती 1979 पासून सुरू आहे. विद्यार्थ्याने मार्गदर्शक शोधायचा, स्वतःचा प्रश्न लिहून पाठवायचा, दोन महिने काम करायचं, अहवाल द्यायचा. अहवाल मंजूर झाला की आता 50,000 रुपये मिळतात. विशीतल्या मुलाला सरकार विचारतं, ‘तुला काय जाणून घ्यायचंय?’ आणि उत्तर नीट असेल तर त्याचे पैसेही देतं.

पूर्णवेळ संशोधनात उतरणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्रांचं मासिक विद्यावेतन 1 जानेवारी 2023 पासून 31,000 वरून 37,000 रुपये झालं. अध्यापक-डॉक्टरांसाठी आयसीएमआरने आपल्या बाह्य अनुदानांची फेररचना केली आहे: लहान अनुदान 2 कोटींपर्यंत, मध्यम अनुदान 2 ते 8 कोटींचं. लहान म्हणजे 2 कोटी! जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला एवढ्यात एक विभाग जागा करता येतो.

दुसरा मोठा बदल अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा. 2023 च्या कायद्याने ते आलं, 5 फेब्रुवारी 2024 पासून कायदा लागू झाला आणि जुनं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचं लक्ष्य आहे, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून उभे राहायचे आहेत. ते किती येतात यावर या संस्थेचं खरं वजन ठरेल. 2025 च्या जुलैत मंत्रिमंडळाने 1 लाख कोटींच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेलाही मंजुरी दिली. तो पैसा मुख्यतः खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या वा बिनव्याजी कर्जासारखा जायचा आहे. खेड्यातल्या रोगाच्या मूलभूत प्रश्नाला त्याचा थेट उपयोग कमी.

वृत्तपत्रांत कमी जागा मिळालेला, पण प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त जाणवणारा बदल जून 2025 मधला आहे. संशोधन संस्थांना कोटेशन न मागवता करायच्या थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली, खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची 10 लाखांवरून 25 लाख. शास्त्रीय उपकरणं सरकारी ई-बाजारपेठेबाहेरून घ्यायची मुभा कुलगुरू आणि संचालकांना मिळाली. ज्याने तीन कोटेशनांसाठी महिना घालवला आणि तेवढ्यात गोठवलेले नमुने जुने होताना पाहिले, त्याला या एका आदेशाची किंमत कळेल. तरी आर्थिक वर्षाचा शेवट, 31 मार्च, आहेच. मिळालेला पैसा त्याच कामावर खर्च झाला, असं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

रक्तातला विळा

विदर्भात अशा संशोधनाला मोठं काम सिकलसेल या आजारावर आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तिच्यामुळे वेदनांचे झटके येतात, रक्त कमी पडतं. पण आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलं, तर ते जीवघेण्या हिवतापापासून बचाव करतं, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला 1952 मध्ये, निलगिरीत. आज तो गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा, नागपूर या पट्ट्यात घराघरांत ओळखीचा आहे. चंद्रपूरला आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचं केंद्रही आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं निर्मूलन असं ध्येय आहे. तपासणी ही पहिली पायरी. औषधाची मात्रा किती, लग्नाआधीचा सल्ला कसा द्यायचा, झटका कशाने येतो, या प्रश्नांची उत्तरं इथल्याच दवाखान्यांतून यायला हवीत.

ही उत्तरं नेहमी ‘हो’ असतील असं नाही, आणि तेही मोलाचं आहे. कोविडमध्ये बरे झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी लोक वणवण करत होते. आयसीएमआरने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर शिस्तशीर चाचणी केली. प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत, असं दिसलं आणि मे 2021 मध्ये तो राष्ट्रीय उपचार-सूचनांतून वगळला गेला. एका सरकारी चाचणीतल्या ‘नाही’ने किती कुटुंबांची धावपळ आणि खर्च वाचवला, याचा हिशेब कुणी मांडला नसला तरी अंदाज करता येतो.

एवढं असूनही 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्केच होता, आणि त्यात अवकाशापासून शेतीपर्यंत सगळं आलं. दारं वाढली, आत ठेवलेला पैसा त्या मानाने वाढायचा आहे. म्हणूनच जो आहे तो नेमक्या प्रश्नाला मिळावा, आणि नेमका प्रश्न रुग्णाच्या जवळ बसलेल्याला दिसतो. हत्तीरोगाच्या घड्याळाचा त्रास दिल्लीच्या कार्यालयात कळला नसता. तो रात्री नमुने घेणाऱ्याला आणि सकाळी स्वच्छ रक्त पाहून चक्रावणाऱ्याला कळला.

तेव्हा वर्ध्यात वैद्यकीय शिकणाऱ्यांनो, मग तुम्ही सेवाग्रामला असा की सावंगीला, यंदा वॉर्डात एखादी गोष्ट पुस्तकाशी जुळत नसेल तर ती वहीत लिहा आणि लघु विद्यार्थीवृत्तीचा अर्ज भरा. आणि डॉक्टर नसलेल्या वाचकांनो, कधी दवाखान्यात संशोधनाचं संमतीपत्र हातात आलं तर घाईत सही करू नका. पैसा कोणाचा, समिती कोणती, मला मधूनच सोडता येईल का, हे तिन्ही प्रश्न विचारा. उत्तरं नीट मिळाली आणि पटली, तर खुशाल सही करा.