मेंदूतील गाठ आणि घरी येणारी आकडी

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, की घरातील सर्वांचे लक्ष शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि खर्च यांकडे लागते. आकडी मात्र मध्यरात्रीही येऊ शकते, आणि त्या वेळी रुग्णाजवळ डॉक्टर नव्हे, तर आपण असता.

गाठीभोवतीच्या चेतापेशी डिवचल्या गेल्याने त्यांच्यातील विद्युतसंदेशांचा तोल सुटतो, हीच आकडी. सावकाश वाढणाऱ्या गाठींत ती झपाट्याने वाढणाऱ्या गाठींपेक्षा अधिक आढळते. म्हणून आकडी आली म्हणजे आजार बळावलाच, असे समजू नये. मात्र आकड्या वाढल्यास डॉक्टरांना अवश्य कळवावे. दर वेळी हातपाय झटकतातच असेही नाही. एकाच हाताची बोटे थरथरणे, बोलताना शब्द अडणे, नसलेला जळका वास येणे, हीदेखील आकडीच असू शकते.

मोठी आकडी आल्यास प्रथम घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत. दातखीळ सोडवण्यासाठी तोंडात चमचा घालू नये. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतो. कांदा किंवा चप्पल हुंगवणे व्यर्थ आहे. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते! आकडी 5 मिनिटांहून अधिक लांबली, शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरी आली, किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातील फवारा लिहून दिला असल्यास तो कधी व कसा मारायचा, हे आधीच शिकून घ्यावे. आकडीनंतर एक हात किंवा पाय काही तास लुळा पडू शकतो. बहुधा तो पूर्ववत होतो, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

अशा रुग्णांना आज बहुधा लेव्हेटिरासिटम दिले जाते. फेनिटॉइनसारखी जुनी औषधे यकृताचे काम वाढवून काही कर्करोगविरोधी औषधांचा आणि सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनचा परिणाम घटवतात. लेव्हेटिरासिटममुळे तसे सहसा घडत नाही. मात्र त्याने काहींची चिडचिड वाढते, मन खिन्न होते. घरचे त्याला ‘स्वभाव बदलला’ म्हणतात आणि रुग्णाशी वाद घालतात. वाद नको, डॉक्टर औषध बदलू शकतात. आपण होऊन गोळी बंद करणे मात्र घातक आहे. शस्त्रक्रियेने गाठ निघाली म्हणूनही ती थांबवू नये. याउलट, ज्या रुग्णाला कधीच आकडी आलेली नाही त्याला ही गोळी दीर्घकाळ द्यावी लागत नाही. तसा आग्रहही धरू नये.

न्हाणीघराची कडी रुग्णाने आतून लावू नये. डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत वाहन चालवू नये. औषधानंतर लगेच उलटी झाल्यास पुन्हा गोळी द्यावी का, हे पुढच्याच भेटीत विचारून ठेवावे, आणि गोळ्यांची नवी पट्टी जुनी संपण्याच्या आठवडाभर आधीच आणावी.