कॉलेजच्या बाइक क्लबला निधी कुठून?

वर्षाला 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीला कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चावे लागतात. रस्ता सुरक्षा त्यात बसते, असे केंद्राने 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केले. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम मात्र वगळले. म्हणून लडाख राइडचे पेट्रोल मागू नका. वर्षभराचा ब्रेकिंगचा सराव, प्रथमोपचार आणि हेल्मेट मागा, तेही ‘आयएस 4151, आयएसआय शिक्का’ असे अंदाजपत्रकात लिहून. मागे बसणाऱ्याचे हेल्मेट विसरू नका. खरी अडचण पुढेच आहे: निधी घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी लागते. क्लबकडे ती नसते, तेव्हा आधी कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टकडे चौकशी करा.