न फुटलेली अंडी फेकू नका, तुमचा नफा तिथेच अडकलाय!



गावरान पिल्लं विकायची म्हणून तुम्ही शंभर अंड्यांचं उबवणी यंत्र घेतलं. एकविसावा दिवस उजाडला, आणि पिल्लं निघाली पन्नासच. उरलेली अंडी कुठे जातात? उकिरड्यावर. थांबा!

आधी हिशेब बघू. समजा, अंडं पडलं १५ रुपयांना आणि विजेसकट वरखर्च ३०० रुपये. शंभर अंड्यांचे झाले १,८०० रुपये. ७५ पिल्लं निघाली तर एक पिल्लू २४ रुपयांना पडतं. ५० निघाली तर तेच ३६ रुपयांना. यंत्र तेच, मेहनत तीच. म्हणून खर्चाला अंड्यांच्या नाही, जिवंत पिल्लांच्या संख्येने भागा.

आता ती उरलेली अंडी एकेक करून फोडा आणि वहीत तीन रकाने करा.

पहिला रकाना: आत नुसता बलक. म्हणजे बहुधा अंडं फलित झालंच नव्हतं. यंत्राला दोष देऊ नका, कळपाकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा आहे का?

दुसरा रकाना: रक्ताचं कडं दिसतंय, पण वाढ सुरुवातीलाच थांबली. इथे दोन गोष्टी तपासा. अंडी आठवड्यापेक्षा जुनी होती का? आणि तापमान? पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर आत ठेवा.

तिसरा रकाना: पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मेलं. बऱ्याचदा गडबड शेवटच्या तीन दिवसांत होते. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवायची आणि अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची. त्यानंतर फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. आणि हो, झाकण उघडून डोकावणंही बंद! झाकण उघडलं की ओलावा जातो, आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यातच अडकतं.

एकविसाव्या दिवसापर्यंत वाट बघायचीही गरज नाही. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं ठेवा, नुसता उजेड आरपार आला तर बाजूला काढा.

नवीन यंत्र घेत असाल तर इन्व्हर्टरचा खर्च आधीच बजेटमध्ये धरा. लाईट गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

पुढची बॅच लावताना सगळं एकदम बदलू नका. ज्या रकान्यात जास्त अंडी, तेवढीच गोष्ट सुधारा. म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. चार-पाच बॅचची अशी वही तुमच्याकडे असेल, तर दुसरं मोठं यंत्र घ्यायचं की नाही हे विक्रेत्याला विचारावं लागणार नाही.

तुमच्या वहीत कोणता रकाना भरलाय? कमेंटमध्ये नक्की सांगा. कामाला लागा, भेटूच!