फक्त सल्ल्याचा अधिकार

अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची प्रातिनिधिक मंडळे दोन असतात. एक पदवीच्या मुलामुलींचे आणि दुसरे एमएस, पीएचडी, कायदा, व्यवस्थापन असे पुढचे शिक्षण घेणाऱ्यांचे. या दुसऱ्या मंडळाला कॉर्नेलमध्ये ग्रॅज्युएट अँड प्रोफेशनल स्टुडंट असेम्ब्ली म्हणतात, एमआयटीत ग्रॅज्युएट स्टुडंट कौन्सिल, तर प्रिन्स्टनमध्ये सरळ ग्रॅज्युएट स्टुडंट गव्हर्नमेंट. वेगळी चूल मांडण्याचे कारण वयात आणि संसारात आहे. अठराव्या वर्षी प्रश्न असतात ते वसतिगृहाचे, खानावळीचे आणि खेळाच्या सामन्यांचे. अठ्ठाविसाव्या वर्षी घरभाडे, आरोग्य विमा, मुलाचे पाळणाघर आणि मार्गदर्शक प्राध्यापकाशी बिनसले तर पुढे काय, हे प्रश्न येतात. मतदारसंघही त्यामुळे बहुधा विभागावर किंवा विद्याशाखेवर बेतलेले असतात: रसायनशास्त्राचा एक प्रतिनिधी, इतिहासाचा एक. नाव सरकारचे असले तरी या मंडळाला शिक्षणशुल्क ठरवता येत नाही, प्राध्यापक नेमता येत नाही, परीक्षेचा नियम बदलता येत नाही. विद्यार्थ्यांकडून जमा होणाऱ्या उपक्रम-शुल्काचा काही हिस्सा वाटून देणे सोडले, तर हाती उरतो तो फक्त सल्ला. ठराव होतो, विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे जातो, आणि मानायचा की नाही हे ते ठरवतात. अशा बिनअधिकाराच्या सभागृहाला जे काही वजन येते ते त्याच्या सर्वांत रटाळ भागातून येते, असे माझे मत आहे. कोरम, उपसूचना, समित्या आणि इतिवृत्त यांतून. भाषणे त्या मानाने फार थोडे काम करतात.

सभा संध्याकाळी भरते, कारण दिवसा सगळे प्रयोगशाळेत नाही तर वर्गावर असतात. जेवणाची सोय मंडळ करते; फुकटच्या जेवणाने कोरम पुरा होतो ही तिथली जुनी थट्टा आहे. हजेरी झाली की मागच्या सभेचे इतिवृत्त मंजूर होते, पदाधिकारी अहवाल देतात, समित्यांचे अहवाल होतात, मग जुने कामकाज, मग नवे. हा साचा बहुतेक ठिकाणी एका पुस्तकातून आलेला आहे: 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'. लेखक हेन्री रॉबर्ट हा लष्करातला अभियंता. 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावी चर्चमधल्या एका सभेचे अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडले आणि सभा त्याला आवरेना. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बदली झाल्यावर त्याला दिसले की देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे सभेचे नियमही निरनिराळे घेऊन आली आहेत, आणि मूळ विषय राहतो बाजूला, भांडण जुंपते ते नियमांवरून. 1876 मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तकाच्या चार हजार प्रती छापल्या. खिशात मावेल असे ते पुस्तक आता बाराव्या आवृत्तीत सातशेहून अधिक पानांचे झाले आहे. आपल्याकडेही या विषयाचे वावडे नव्हते. काकासाहेब गाडगीळांनी मराठीत 'सभाशास्त्र' लिहिले, ते सभा चालवण्याला शास्त्र मानणारा वाचक समोर होता म्हणूनच.

नियम वाचताना किचकट वाटतात, पण एकेकामागे माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख आहे. सूचनेला अनुमोदक मिळाला नाही तर चर्चाच नाही. एकट्याच्या हट्टापायी पन्नास जणांची संध्याकाळ जाऊ नये. एका प्रश्नावर एका सभासदाला दोनदाच बोलता येते आणि तेही, आधी न बोललेल्या कोणाला बोलायचे असेल तर, त्याचे झाल्यावर. चर्चा बंद करून मत घ्यायचे तर दोनतृतीयांश मते लागतात, म्हणजे काठावरच्या बहुमताला अल्पमताचे तोंड दाबता येत नाही. कोरम नसेल तर सभेला फारसे काही करताच येत नाही. तहकूब करावी किंवा माणसे गोळा करावीत. आपल्या गृहनिर्माण संस्थांत कोरमअभावी तहकूब झालेली सर्वसाधारण सभा अर्ध्या तासाने कोरमशिवाय भरते आणि सगळे विषय मंजूर करून मोकळी होते. ती सोय या पुस्तकात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, मला सर्वांत शहाणपणाचे वाटणारे कलम इतिवृत्ताबद्दलचे आहे: सभेत काय झाले ते लिहा, कोण काय बोलले ते लिहू नका. त्यामुळे नोंदवहीत वक्तृत्व उरत नाही. ठराव, उपसूचना, मतांची संख्या आणि कोणावर कोणते काम सोपवले, एवढेच राहते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. निर्णय जर अध्यक्ष आणि विश्वस्तांनीच घ्यायचा असेल, तर हा सगळा संसदेचा खेळ कशासाठी? उत्तरासाठी विद्यापीठात कोण किती दिवस टिकतो ते पाहावे. एमएसचा विद्यार्थी दोन वर्षे, पीएचडीचा पाच-सहा, आणि त्यातलीही पहिली अभ्यासक्रमात नि शेवटची प्रबंधात जातात. पदाधिकाऱ्याची मुदत सहसा एक वर्ष. समोर बसलेले निवास विभागाचे किंवा आरोग्य विम्याचे अधिकारी मात्र तिथेच दहा-पंधरा वर्षे काढलेले असतात. हा प्रश्न आम्ही पूर्वीच तपासला होता आणि ते जमण्यासारखे नाही, एवढे वाक्य त्यांनी उच्चारले की नवखा प्रतिनिधी निरुत्तर होतो. त्याला उत्तर देता येते ते जुने इतिवृत्त काढूनच: चार वर्षांपूर्वीच्या सभेत आपल्याच कार्यालयाने अमुक करतो म्हटले होते आणि आम्ही तशी नोंद केली होती. माणसे बदलत राहणाऱ्या संस्थेची स्मृती माणसांत राहू शकत नाही, ती दप्तरात ठेवावी लागते. ज्या मंडळाचे दप्तर नीट, त्याचा प्रतिनिधी समितीत बरोबरीने बसतो. खरे काम याच समित्यांत चालते. विमा योजनेत दातांचे उपचार किती धरायचे, वसतिगृहांच्या भाड्यात यंदा किती वाढ, रात्रीची बस प्रयोगशाळेपर्यंत किती वाजेपर्यंत, यांपैकी कशावरही घोषणा देता येत नाही, पण हजारो जणांचा महिना त्यावर ठरतो. एमआयटीच्या कौन्सिलने विद्यार्थ्यांच्या राहणीखर्चाची पाहणी करून ते आकडे स्टायपेंडच्या चर्चेत ठेवण्याची प्रथा पाडली. मागणीच्या जागी आकडा आला की नकार देणाऱ्यालाही आकड्यानेच बोलावे लागते. काही ठिकाणी सल्ल्याच्या पुढेही मजल गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्वोच्च नियामक मंडळावर 1975 पासून एक विद्यार्थी पूर्ण मताधिकाराने बसतो. त्याआधीचे वर्ष त्याला मताशिवाय बसून शिकायला मिळते. एक वर्षाच्या मुदतीवर यापेक्षा चांगला उतारा मला माहीत नाही.

आता पैशाकडे वळू, कारण सल्ल्यापलीकडचा जो थोडा अधिकार या मंडळांना असतो तो इथे आहे. उपक्रम-शुल्क सक्तीचे असते आणि त्यातून विद्यार्थी संघटनांना अनुदाने दिली जातात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात 1995-96 साली हे शुल्क वर्षाला 331.50 डॉलर होते. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा विद्यार्थी मंडळाच्या शिफारशीने संघटनांत वाटला जाई. स्कॉट साउथवर्थ नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला: ज्या संघटनांची मते आम्हाला मान्य नाहीत, त्यांना आमच्या पैशाने का पोसायचे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2000 मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सक्तीचे शुल्क घेता येईल, मात्र वाटप करताना संघटनेच्या विचारांकडे पाहता येणार नाही. निकालाचा आणखी एक भाग फारसा सांगितला जात नाही. एखाद्या संघटनेला पैसे द्यावेत की नाही यावर विद्यार्थ्यांचे सार्वमत घेण्याची सोय तिथे होती. न्यायालयाने नेमके तिच्यावर बोट ठेवले, कारण बहुमताने पैसे ठरू लागले तर अल्पमताच्या संघटनेला संरक्षण उरत नाही. लोकशाहीने निवडून आलेल्या मंडळाला न्यायालय सांगते आहे की इथे लोकमत चालणार नाही, निकष चालतील.

त्यामुळे अनुदान समितीची बैठक पाहायला गेले तर विलक्षण कंटाळवाणी असते. अर्ज मुदतीत आला का, कार्यक्रम सर्वांना खुला आहे का, मागच्या खर्चाच्या पावत्या जमा झाल्या का, जेवणाचा खर्च माणशी मर्यादेत आहे का. गणेशोत्सव करणारी भारतीयांची संघटना असो, चर्चचा अभ्यासगट असो किंवा सरकारविरोधी राजकीय गट, प्रश्न तेच. 1995 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाला एका ख्रिस्ती विद्यार्थी-मासिकाच्या छपाईचे 5,862 डॉलर नाकारल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात हरावे लागले होते, तेव्हा हा कंटाळा परवडला. वीस-बावीस जणांच्या समितीला ज्याचे म्हणणे पटत नाही त्याला हसतमुखाने धनादेश देण्याची सवय लावणे ही सोपी गोष्ट नव्हे. ती सवय लागते फक्त कार्यपद्धतीने.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सल्ला देणारे मंडळ हवेच कशाला, कामगार संघटना काढावी. याला इतिहास आहे. मॅडिसनच्याच अध्यापन साहाय्यकांनी 1969 मध्ये विद्यापीठाकडून आपल्या युनियनला मान्यता मिळवली आणि 1970 मध्ये संप करून पहिला करार पदरात पाडला. खासगी विद्यापीठांत मात्र गाडी मागेपुढे होत राहिली. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने 2000 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात अशा विद्यार्थ्यांना कामगार मानले, 2004 मध्ये ब्राउनच्या प्रकरणात ते नाकारले आणि ऑगस्ट 2016 मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा मान्य केले. एमआयटीत एप्रिल 2022 मध्ये 1,785 विरुद्ध 912 मतांनी युनियन आली. कौन्सिलला जमले नाही म्हणून युनियन आली असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. कितीही चांगली पाहणी केली तरी समोरचा नाही म्हणू शकतो. करारावर एकदा सही झाली की मग त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. वेतनाच्या बाबतीत युनियन श्रेष्ठ आहे हे मान्य करावे. कायदाही तेच सांगतो: युनियन निवडून आली की पगार आणि कामाच्या अटींबद्दल वाटाघाटी तिच्याशीच, मंडळाशी नाही. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मात्र मे 2024 मध्ये 391 विरुद्ध 652 मतांनी युनियन नाकारली. म्हणजे हा कौल एका बाजूचाच आहे असेही नाही.

पण युनियनच्या छत्राखाली कोण येते? ज्यांना विद्यापीठ शिकवण्याचे किंवा संशोधनाचे पैसे देते ते. स्वतःच्या खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून फी भरून एमएस करणारा विद्यार्थी तिच्या कक्षेत नसतो, आणि भारतातून जाणाऱ्यांत असेच विद्यार्थी फार मोठ्या संख्येने असतात. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3 लाख 31 हजार 602 भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले 1 लाख 96 हजार 567 पदव्युत्तर शिक्षण घेणारे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून कर्ज काढून गेलेल्या मुलांचा विमा महाग झाला, विद्यापीठाने घरांचे भाडे वाढवले, अभ्यासक्रमाचे एखादे शुल्क अचानक लागू झाले, तर त्यांच्या वतीने बोलायला हे मंडळच असते. शिवाय काही संकटे अशी येतात की तिथे मालक विद्यापीठ नसतेच. नोव्हेंबर 2017 मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या करविधेयकात शिक्षणशुल्काच्या माफीवर कर लावण्याची तरतूद होती. हातात न आलेल्या पैशावर कर भरावा लागला असता. अशी सवलत घेणाऱ्यांची संख्या सुमारे 1 लाख 45 हजार होती. युनियनवाले, मंडळे आणि विद्यापीठांचे प्रशासन त्या महिन्यात एकाच बाजूला उभे राहिले. वर्षअखेरीस सही झालेल्या कायद्यात ती तरतूद नव्हती.

तिसरा आक्षेप मला खोडता येत नाही. या मंडळांच्या निवडणुकांत मतदान थोडे होते, अनेक जागा बिनविरोध भरतात आणि अनेक रिकाम्या राहतात. येतात ते वेळ असणारे. ज्याचा प्राध्यापक रात्री नऊलाही प्रयोगशाळेत हजेरी धरतो, तो येत नाही, आणि नेमकी त्याचीच तक्रार सभेपुढे यायला हवी असते. शिवाय रॉबर्टचे नियम शाळेपासून अंगवळणी पडलेल्या अमेरिकन मुलापुढे परदेशी विद्यार्थी बुजतो. महाराष्ट्रातून गेलेल्याला तर याचा सराव जवळपास नसतोच. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडे निवडणुकीऐवजी गुणांवर नियुक्ती आणली, आणि 2016 च्या कायद्यात निवडणूक परत आली तरी महाविद्यालयांतले मतदान लांबणीवर पडत राहिले. एका पिढीने अनुमोदन न देता, उपसूचना न मांडता पदवी घेतली. हा दोष त्या मुलांचा नाही, पण तिथल्या सभागृहात त्याचा तोटा त्यांनाच होतो.

म्हणून तिकडे शिकणाऱ्यांना, आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना, एवढेच सुचवावेसे वाटते. पहिल्या सत्रातच विभागाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी की पदव्युत्तर मंडळात आपला प्रतिनिधी कोण. गेल्या वर्षभराची इतिवृत्ते मागून घ्यावीत. बऱ्याच ठिकाणी ती कोणालाही वाचायला खुली असतात. आणि प्रतिनिधी कोणीच नाही असे उत्तर मिळाले, तर त्या जागेसाठी आपले नाव द्यावे.