आयींच्या मडक्यातला गोड भात

“दारू? आणि बाळंतिणीला?” फोनवर आई जवळजवळ किंचाळलीच.

माझी लेक २०१६ मध्ये शांघायला झाली. व्हिसाच्या भानगडीत आईला येता आलं नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, सगळं राहिलं. शेजारच्या बाई तेवढ्या रोज डोकावायच्या. चिनीत मावशीला ‘आयी’ म्हणतात. ती हाक मारताना सुरुवातीला गलबलूनच यायचं.

आठव्या दिवशी आयी वाफाळता वाडगा घेऊन आल्या. मऊ भात, गोडसर रस, त्यात फोडलेलं अंडं. हे ‘ज्यूनियांग’, म्हणजे आंबवलेला चिकट तांदूळ. तिकडेही बाळंतीण महिनाभर घरात, गरम खाणं, गार पाण्याला हात लावायचा नाही. अगदी आपल्यासारखंच! आणि दूध यावं म्हणून हा वाडगा. वास मात्र दारूचा. मी तो तसाच ठेवला. आयींचा चेहरा पडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अल्कोहोल दुधातून बाळाला जातं, उकळलं तरी सगळं उडत नाही, पाजतेस तोवर नको. मोडक्या चिनीत हे सांगताना माझी कोण तारांबळ! शेवटी म्हटलं, “खाणार नाही, पण शिकवा.” तशा खुलल्या.

तांदूळ रात्रभर भिजवायचा आणि फडक्यावर मोदकासारखा उकडायचा. पाण्यात शिजवला की गिचका. कोमट झाला की त्यात ‘ज्यूछू’ची पूड. ही पांढरी गोळी म्हणजे त्यांचं विरजण. तिच्यातली बुरशी तांदळातल्या पिठुळाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेची दारू. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती आधी करावी लागते, खरी मेख ही. भात मडक्यात दाबून मधोमध खळगा करायचा, झाकून उबेला ठेवायचं. दीड-दोन दिवसांत खळग्यात रस जमतो. गोड, नावापुरता मादक. आणखी ठेवला तर गोडी उतरते, नशा चढते. मग गाळली की ती ‘मिज्यू’.

(आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तेव्हा मैत्रिणींनो, हे वाचण्यापुरतंच!)

माझ्या पहिल्या मडक्यावर हिरवी-काळी बुरशी आली. आयींनी डाव हुंगला. तुपाचा होता. तेलातुपाचा हात लागला की संपलं म्हणे. वरचं काढून खालचं ठेवू दिलं नाही, सगळं टाकायला लावलं.

आयींचं माहेर शाओशिंगचं. मुलगी झाली की तिथे तांदळाच्या दारूचं मडकं जमिनीत पुरायचे आणि तिच्या लग्नात काढायचे. त्या दारूला ‘न्युअर होंग’ म्हणतात. “तुमच्या लग्नात काढलं?” मी उत्साहाने विचारलं. आयी भात दाबत राहिल्या. “माझा जन्म १९६० चा, दुष्काळातला. खायलाच तांदूळ नव्हता, पुरणार काय?”

लेकीचं अंगावरचं सुटलं, त्या रविवारी आयींनी नवं मडकं उघडलं. मी दोन चमचे खाल्ले, मग आणखी दोन. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, “अगं, आंबवलेला भातच तो.”

“मग आंबील म्हण की,” आई म्हणाली. “उगाच दारू दारू काय!”