अपिलात काय तपासतात?



ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना बांधाचे, वाटणीचे, विहिरीच्या पाण्याचे तंटे आमच्या कानी पडतातच. चिखलीच्या कोर्टात दावा हरलेला शेतकरी हमखास म्हणतो, "जाऊ द्या साहेब, वर अपील ठोकू. राहिलेले साक्षीदार तिथं उभे करू." आम्ही काही वकील नव्हे, पण या समजुतीपायी हातचे शेत जाऊ शकते, म्हणून हे चार शब्द.

वजनाबद्दल शंका आली तर आपण काटा तपासा म्हणतो, गाडीत नव्या मोळ्या टाकीत नाही. अपिलाचेही तसेच. खालच्या कोर्टात जे कागद व साक्षी आल्या, त्यांच्यावरून निकाल बरोबर निघाला की नाही, एवढेच वर पाहतात.

लोकमान्य टिळकांचे ताईमहाराज प्रकरण घ्या. पुण्याच्या बाबामहाराजांच्या इस्टेटीचे टिळक एक विश्वस्त. 1901 साली औरंगाबादेत झालेले दत्तक खरे की खोटे, हा वाद. 1906 साली खालच्या कोर्टाने दत्तक खरे धरले, 1910 साली मुंबई हायकोर्टाने तो निकाल फिरविला आणि 1915 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून खालचाच कायम केला. साक्षीदाराला त्याचेच जुने पत्र दाखवून खुलासा विचारायचा नाही आणि मागाहून त्याच पत्रावरून त्याला खोटे ठरवायचे, हे न्यायाला धरून नाही, असे तिथे ठरले. म्हणजे चूक वरच्या कोर्टाचीही होते. पण ती दप्तरातूनच दाखवावी लागते.

आता आपल्यापुरते पाहू. चिखलीच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर पहिले अपील बुलडाण्याच्या जिल्हा न्यायालयात. मुदत 30 दिवस. तिथे पुरावा व कायदा दोन्ही तपासतात. नवा पुरावा मात्र क्वचितच घेतात: खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला असेल, पुरेशी खटपट करूनही आधी हाती आला नसेल, किंवा कोर्टालाच त्याची गरज वाटली, तर. पुढे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात दुसरे अपील. मुदत 90 दिवस. 1976 च्या दुरुस्तीपासून तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. बांध कोणी कोरला, हे तिथे सहसा पुन्हा उकरीत नाहीत.

नकलेचा अर्ज लगेच करा. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवावे लागते. आणि नुसत्या अपिलाने निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

तेव्हा सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, साक्षीदार, जे काही असेल ते पहिल्याच कोर्टात मांडा. बेणे लावतानाच निवडावे लागते. तोडणीला आल्यावर ते बदलता येत नाही.